दृष्टिकोन बदल म्हणजे नेमकं काय बदलायचं? वडगावच्या एका मागवाल्याला उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणारे बेळगावच्या वडगावचे, वय ४३. घरचे चार यंत्रमाग, वडिलांनी घातलेले. मार्च २०२० च्या लॉकडाऊनला बंद पडले, मधे थोडे दिवस चालले, २०२१ च्या मे महिन्यात वडील कोविडनं गेले, शेवटचं तोंडही नीट बघायला मिळालं नाही, आणि पुढं कर्जापायी चारही माग भंगाराच्या भावानं किलोवर द्यावे लागले. आता उद्यमबागला एका फौंड्रीत शिफ्टला जातात. त्यांनी लिहिलंय, "सगळे म्हणतात झालं ते झालं, दृष्टिकोन बदल, पॉझिटिव्ह बघ. पण बदलायचा म्हणजे करायचं काय हे कुणी सांगत नाही. माग गेले, एक धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो) तेवढा कपाटात ठेवलाय. बायको म्हणते तो बघून तुम्ही जास्त खचताय, टाकून द्या. टाकू का?"

भाऊ, तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. मी २३ वर्षं समुपदेशनाचं काम करते, सुरुवातीची बरीच वर्षं खानापूर तालुक्यातल्या गावांत, नंतर बेळगावात, आणि "बदलायचा म्हणजे करायचं काय" इतकं सरळ फार थोड्यांनी विचारलंय. म्हणून उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा, एका बैठकीत झालं नाही तरी चालेल. यात ज्या लोकांच्या गोष्टी येतील त्यांचे तपशील मी बदललेत, ओळखू येऊ नयेत म्हणून.

पहिल्यांदा एक कबुली देते कारण त्यातूनच मी शिकले. नवीन होते तेव्हा खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या एका गावात एक बाई होती, नवरा जाऊन दोन महिने झाले होते. मी तिला म्हटलं, अगं दोन सोन्यासारखी पोरं आहेत, त्यांच्याकडं बघ. चांगल्या मनानंच म्हटलं. ती चुलीपुढं बसली होती, तिनं लाकूड आत सारलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "अक्का, पोरं हाईत म्हणून तर रडाय येत न्हाई बघा." बस, त्यानंतर ती माझ्याशी काही बोललीच नाही त्या दिवशी. तिनं न मागितलेला दृष्टिकोन मी तिच्या हातात दिला होता आणि त्यानं तिचं तोंड बंद झालं. तेव्हापासून मी कुणालाही "या बाजूनं बघ" असं पहिल्या भेटीत सांगत नाही. आणि तुम्हाला जे लोक सांगतायत त्यांचाही राग धरू नका, त्यांना तुमचं दुःख बघवत नाही म्हणून ते लवकर झाकायला बघतात, ती त्यांची गरज असते, तुमची नव्हे.

आता मुद्द्यावर येते. दृष्टिकोन बदल म्हटलं की लोकांना वाटतं दुःखाच्या जागी सुख बघायचं. म्हणजे वडील गेले तर "सुटले बिचारे" म्हणायचं, माग गेले तर "बरं झालं कटकट गेली" म्हणायचं. असं काही नसतं आणि असं करूही नका, मन एवढं भोळं नाही, त्याला खोटं लगेच कळतं. दुःख बदलायचं नसतं. बदलायचा असतो तो दुःखाच्या पाठीवर बसलेला निकाल. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या करायची एक सोपी युक्ती आपल्या भाषेतच आहे, "म्हणून" हा शब्द.

तुमचंच पत्र घ्या. त्यात तुम्ही चार ठिकाणी "म्हणून" लिहिलंय. माग विकले म्हणून मी वडिलांचं नाव घालवलं. मी त्यांना दवाखान्यात एक दिवस उशिरा नेलं म्हणून ते गेले. मी दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो म्हणून पोरांना माझी लाज वाटत असणार. आणि चौथं मी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. आता बघा, "म्हणून"च्या अलीकडं जे आहे ते घडलेलं आहे. माग विकले, खरं. एक दिवस उशीर झाला, खरं. त्याला हात लावायचा नाही, ते कोणी बदलू शकत नाही आणि त्याचं वाईट वाटणं हे बरोबरच आहे, वाटलंच पाहिजे. पण "म्हणून"च्या पलीकडं जे आहे ते घडलेलं नाही, तो तुम्ही दिलेला निकाल आहे, तोही रात्री दोन वाजता, एकट्यानं, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश होऊन. मी ज्याला दृष्टिकोन बदलणं म्हणते ते म्हणजे एवढंच, अलीकडचं वाक्य तसंच ठेवायचं आणि पलीकडचं वाक्य परत चौकशीला घ्यायचं.

चौकशी कशी करायची ते एका गोष्टीतून सांगते.

चिकोडीकडचे एक गृहस्थ होते, शेतकरी, मुलगा २१ वर्षांचा. गळीत हंगामात रात्री गाडीवरून येताना उसाच्या उभ्या ट्रॉलीला मागून धडकला आणि जागेवर गेला. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नव्हता, आपल्याकडं किती ट्रॉल्यांना असतो तुम्हीच सांगा. हा माणूस दीड वर्ष एकच वाक्य घेऊन बसला होता, "मी गाडी घेऊन दिली म्हणून पोरगा गेला." जेवण नाही, शेतात जाणं नाही, मुलाच्या आईशी बोलणं नाही. मी त्यांना "तुमची चूक नाही हो" असं एकदाही म्हटलं नाही, कारण ते शंभर लोकांनी म्हणून झालं होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

एक दिवस मी त्यांच्या घरी गेले होते, त्यांच्या मंडळींनी ताटात भाकरी आणून ठेवली, ते हात लावेनात. मी म्हटलं, दादा, ही भाकरी म्हणजे त्या रात्रीची सगळी जबाबदारी समजा. ज्याचा ज्याचा जेवढा वाटा असेल तेवढा तुकडा मोडून बाजूला ठेवायचा, फक्त तुमचा तुकडा सगळ्यात शेवटी. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, म्हणाले हा ट्रॉलीवाल्याचा, लाईट नाही रेडियम नाही आणि वळणावर लावली. मग एक तुकडा रस्त्याचा, तिथं दिवा नाही. मग थांबले, आणि हळूच एक तुकडा मोडला, "ह्यो त्याचा. हेल्मेट हँडललाच अडकवलेलं होतं." हे ते पहिल्यांदाच बोलत होते, मुलाचा वाटा मोजणं म्हणजे मुलाला दोष देणं वाटत होतं त्यांना. मग ज्या मित्रानं रात्री उशिरा फोन करून बोलावलं त्याचा एक छोटा. मग हातात राहिला दोन बोटांएवढा तुकडा. तो त्यांनी हातात धरला आणि धाय मोकलून रडले. म्हणाले, "एवढा माझा. एवढा हाय, न्हाई म्हणत न्हाई." आणि तो तुकडा त्यांनी खाल्ला.

हे तंत्र माझं नाही. विचार आणि वागणूक यावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीत कागदावर गोल काढून जबाबदारीचे वाटे पाडतात, मी फक्त कागदाऐवजी भाकरी घेतली कारण त्या घरात कागद-पेन हे सोसायटीच्या सहीपुरतंच बाहेर यायचं. त्यातलं मर्म एकच आहे, स्वतःचा वाटा शेवटी काढायचा. पहिल्यांदा काढलात तर अख्खी भाकरी तुमचीच होते.

बघा, त्यांचं दुःख कमी झालं का? नाही. पण आधी दुःखावर धोंडा होता तो सरकला आणि मग ते रीतसर दुःख करायला लागले, मुलाच्या आईजवळ बसून. वर्षभरानं हंगाम सुरू झाला तेव्हा ते स्वतःच्या पैशानं रेडियमच्या पट्ट्या घेऊन कारखान्याच्या रस्त्याला उभे राहिले, येणाऱ्या ट्रॉलीला मागं चिकटवायला. हे मी सांगितलेलं नव्हतं. आणि तुम्हीही असं काहीतरी मोठं केलंच पाहिजे असं मुळीच नाही. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतर काही माणसांत होणाऱ्या वाढीबद्दल लिहिलं, तेव्हापासून लोक त्याचा दंडकच करून बसलेत की दुःखातून काहीतरी कमावलंच पाहिजे. त्यांनीच सांगितलंय की वाढ आणि वेदना दोन्ही एकत्र राहतात, एक आली म्हणून दुसरी जात नाही. कुणी वाढला तर वाढला, नुसता टिकला तरी खूप झालं.

तुमची भाकरी तुम्हीच मोडा. "मी एक दिवस उशिरा नेलं म्हणून अण्णा गेले" यात २०२१ चा मे महिना किती ते बघा. १० मेपासून कर्नाटकात लॉकडाऊन होता, बेड मिळत नव्हते, ऑक्सिजनसाठी लोक रात्ररात्र फिरत होते, तुम्ही स्वतः लिहिलंय की दोन ठिकाणी परत पाठवलं. अण्णांची शुगर होती. अण्णा स्वतः दवाखान्याला नको म्हणत होते, हेही तुम्हीच लिहिलंय आणि लिहून लगेच पुढं गेलात, तिथं थांबा जरा. सगळे तुकडे झाल्यावर तुमचा उरेल तो उरेल. मी म्हणत नाही तो शून्य आहे. पण तो दोन बोटांचा असेल तर दोन बोटांचाच खा, अख्खी भाकरी खाऊ नका.

आता मागांचं. इथं मला तुमच्यासाठी जास्त वाईट वाटतं आणि कारण सांगते. आपल्याकडं माणूस गेला की सोयरे कडू घास घेऊन येतात, रक्षाविसर्जनाला चार माणसं येतात, बाराव्याला येतात, पेपरात फोटो येतो, निदान तेवढे दिवस तरी जग मान्य करतं की या घरात काहीतरी झालंय. धंदा बुडाला तर कुणी कडू घास आणत नाही. उलट लोक वाट बदलतात, उसने मागेल की काय म्हणून. ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही त्यावर केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली अख्खं पुस्तक केलं, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की असं दुःख जास्त चिघळतं कारण माणसाला वाटतं मला रडायचा हक्कच नाही. तुम्ही पत्रात वडिलांबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि मागांबद्दल पानभर, आणि मग खाली लिहिलंय "लोखंडासाठी एवढं रडतोय, चूक आहे ना?" चूक नाही. अजिबात नाही.

कारण गेलं ते लोखंड नव्हतं. मी असं करायला लावते, एक वही घ्या आणि काय काय गेलं त्याची यादी करा, पण किलोवर दिलेलं सोडून. मी तुमच्या पत्रातूनच सुरुवात करून देते. मागाचा आवाज गेला, तुम्ही लिहिलंय की पहिले कित्येक महिने घरात कुणाला झोप लागत नव्हती, शांततेमुळं. लहानपणापासून त्या खटाखटीत झोपलेली माणसं तुम्ही. गल्लीत "मालक" म्हणायचे ते गेलं, आता सुपरवायझर नावानंही हाक मारत नाही. सणाआधी साड्या उतरायची गडबड गेली. अण्णांच्या शेजारी उभं राहून तुटलेला धागा जोडायचा, एक शब्द न बोलता, ते गेलं. म्हणजे बघा, तुम्ही अण्णांना दोनदा गमावलंय, एकदा दवाखान्यात आणि एकदा ते माग ट्रकवर चढवताना. हे कळल्याशिवाय पुढचं काही होत नाही. नेमकं काय गेलं हे ज्याला सांगता येतं त्यालाच नेमकं काय शिल्लक आहे हे दिसतं, आधी नाही. यादी अपुरी असताना कुणी "जे आहे ते बघ" म्हटलं तर ती चेष्टा वाटते.

मधेच एक सांगून ठेवते कारण बरेच जण गुगल करून येतात आणि विचारतात की मी कितव्या पायरीवर आहे. दुःखाच्या पाच पायऱ्या म्हणून जे फिरतं, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार, ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ साली लिहिलं ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी ते मुळात नव्हतंच. आणि क्रमानं तर कुणाचंच होत नाही. सकाळी स्वीकार असतो, दुपारी राग, संध्याकाळी अण्णांची चप्पल दिसली की परत पहिल्यापासून. तुम्ही मागं पडलेला नाही, अशी कुठली शर्यतच नाही.

त्यापेक्षा मला एक दुसरी मांडणी जास्त पटते आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली समजेल. १९९९ साली नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोघा अभ्यासकांनी ती मांडली. त्यांचं म्हणणं, शोकातल्या माणसाला दोन कामं असतात. एक, गेलेल्याकडं तोंड करून बसायचं, आठवायचं, रडायचं. दुसरं, पाठ फिरवून रोजचं बघायचं, हप्ता, पोरांची फी, नवीन काम शिकणं. आणि बरा होणारा माणूस यातलं एक संपवून दुसऱ्याला लागत नाही, तो सारखा इकडून तिकडं, तिकडून इकडं करत राहतो. हे वाचलं तेव्हा मला धोटाच डोळ्यापुढं आला. ताणा म्हणजे उभे धागे, तो स्थिर असतो, धोटा या अंगाहून त्या अंगाला जातो, परत येतो, प्रत्येक फेरीला एक बाणा म्हणजे आडवा धागा पडतो आणि फणी तो ठोकून बसवते. एका फेरीत काय होतं? काहीच दिसत नाही. पण धोटा एका अंगाला अडकून बसला तर कापड होतच नाही. तुमचं तेच झालंय. दिवसभर फौंड्रीत तुम्ही दगड होऊन काम करता, एका अंगाला, आणि रात्री जागून पहाटेपर्यंत फक्त गेलेलंच, दुसऱ्या अंगाला. मधली ये-जा नाही.

म्हणून असं करा. शिफ्ट कुठलीही असो, दिवसातला अर्धा तास ठरवून दुःखाला द्या, उजेडात, झोपायच्या वेळी नाही. त्या वेळी यादीची वही काढा, अण्णांचा फोटो बघा, रडू आलं तर रडा, दार लावून. गजर लावा. गजर झाला की उठून हातानं करायचं काहीतरी काम, मनाला विचारून करायचं नाही, मन नाहीच म्हणणार. पाणी भरा, पोरीची सायकल पुसा, पालेभाजी निवडा. तुम्ही मागवाले आहात, तुमचं शहाणपण डोक्यापेक्षा बोटांत जास्त आहे, बोटांना काम दिलं की डोकं मागून येतं. रात्री दोन वाजता निकाल द्यायला बसलात की स्वतःला एवढंच सांगायचं, हे उद्या अर्ध्या तासात बघू. पहिले आठ-दहा दिवस हे जमणार नाही. नंतर थोडं थोडं जमतं.

पाठ फिरवून जगणं म्हणजे अण्णांना विसरणं असं तुम्हाला वाटतंय, तेही पत्रात दिसतं. एक गोष्ट सांगते. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या सिग्मंड फ्रॉईडनं १९१७ साली लिहिलं होतं की शोक म्हणजे गेलेल्या माणसापासून मन सोडवून घेणं, ते काम पूर्ण झालं की माणूस मोकळा. नंतर १९२० च्या जानेवारीत त्याची मुलगी सोफी गेली, त्या वेळच्या फ्लूच्या साथीत, म्हणजे तुमच्यासारखंच, साथीत घरातलं माणूस. आणि नऊ वर्षांनी, १९२९ साली, जिवंत असती तर ती ३६ वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानं आपल्या एका डॉक्टर मित्राला पत्रात लिहिलं की तीव्र शोक ओसरतो पण ती जागा कशानंच भरत नाही आणि ते तसंच असावं, कारण ज्यांच्यावरचं प्रेम सोडायचं नाही ते टिकवायचा तोच एक रस्ता असतो. स्वतःचा सिद्धांत त्याला स्वतःच्या घरात पुरला नाही. आता तर शोकावर काम करणारे उघड सांगतात की गेलेल्या माणसाशी नातं चालू ठेवणं हे आजारपण नाही. अण्णांशी मनात बोला. आपल्याकडं पक्ष घालतात, पान वाढतात, ते काय वेगळं आहे.

पण तुमच्या बाबतीत निरोपच राहिलाय. २०२१ ला अंत्यविधी म्हणजे पिशवीत बांधलेला देह आणि लांबून नमस्कार. ज्या घरांत असं झालं त्यांना मी सांगते की राहिलेलं आता करा, चार वर्षांनी केलं तरी चालतं. अण्णांना पत्र लिहा, जे बोलायचं राहिलं ते सगळं, माग विकले तेही त्यांना सांगा, कुणाला दाखवायचं नाही. त्यांच्या तिथीला घरातल्या सगळ्यांना बसवून प्रत्येकानं अण्णांची एक गोष्ट सांगायची, भटजी नसला तरी चालेल. माझे स्वतःचे यजमान २०११ साली गेले, मी पंधराव्या दिवशी कामावर हजर झाले आणि लोकांचं ऐकून घेत बसले, स्वतःचं एकालाही सांगितलं नाही. आठ महिन्यांनी मार्केटमधे कुंदा, आपल्याकडची ती दुधाची मिठाई, घेताना एकदम पाय गळाले, त्यांना कुंदा आवडायचा, मी सवयीनं पाव किलो सांगितला होता आणि घरी खाणारं कुणी नव्हतं. त्या दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले. त्यानंतर मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडं जाऊन सगळं बोलले. हे काम करणाऱ्यालाही दुसरा माणूस लागतो.

आणि बोलायचं ते आपल्या भाषेत बोला. आपल्या भागात हा मुद्दा फार मोठा आहे. दवाखान्यात फॉर्म कन्नडमधे असतो, डॉक्टर इंग्रजीत विचारतात, आणि आपण "थोडा टेन्शन है" एवढं हिंदीत सांगून गोळी घेऊन येतो. अण्णांशी ज्या मराठीत बोलत होता त्याच मराठीत हे दुःख आहे, दुसऱ्या भाषेत ते अर्धंच बाहेर येतं. कानडी चांगलं येत असेल तर तेही चालेल, वडगाव-खासबागला कितीतरी घरांत दोन्ही चालतात, पण आतलं ज्या भाषेत दुखतंय त्या भाषेचा माणूस शोधा. पहिला माणूस तुमच्या बायकोच असाव्यात असं मला वाटतं. त्या धोटा टाका म्हणतात त्याचा अर्थ त्यांना दुःख नाही असा लावू नका. धोट्यातल्या सुताच्या कांड्या त्याच भरत होत्या ना? मग माग त्यांचेही गेलेत. त्यांना एकदा विचारा, तुझं काय गेलं. यादीची वही त्यांच्यापुढं ठेवा.

नुसतं मरणाचंच नाही, अपयशालाही हाच "म्हणून" लागतो. खानापूरकडचा एक पोरगा होता, मिलिटरीच्या भरतीसाठी सतराव्या वर्षापासून पळत होता, पहाटे साडेचारला उठून. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, तेवढं जमवलं होतं त्यानं. मग कोविडमधे भरत्याच झाल्या नाहीत, २०२२ ला अग्निपथ ही नवी भरती योजना आली, त्या वर्षी वयाची अट २३ केली, त्यातही तो काही महिन्यांनी बाहेर. गावात बेळगावच्या मराठा सेंटरमधून निघालेले चार जवान, आणि हा घरात दिवसभर पांघरूण घेऊन. त्याचं वाक्य, "भरती झालो नाही म्हणून एवढी वर्षं फुकट गेली." आम्ही भरतीचं काही बोललोच नाही. मी म्हटलं साडेचारची पहाट तेवढी परत आण, पळू नको, नुसता उठ. सहा आठवडे तो फक्त उठून दूध डेअरीला घालून यायचा. आज तो एका गोडाऊनला काम करतो, पळण्याचे बूट अजून काढवत नाहीत त्याला, गणवेशातला माणूस दिसला की अजून मान खाली जाते. पण "फुकट" हा शब्द तो आता वापरत नाही. मी याला बदल म्हणते, मोठाच बदल म्हणते.

आता एक गोष्ट जी पुढं ढकलायची नाही. ही सगळी वही आणि भाकरी साध्या शोकासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेला शोक हा वेगळा आजार म्हणून धरलाय, निदान सहा महिन्यांहून जास्त आणि रोजचं जगणं अडेल इतका असेल तर, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या यादीत मोठ्या माणसासाठी ती मुदत एक वर्षाची आहे. तुम्हाला चार वर्षं झाली, झोप नाही, वजन उतरलंय, नाईट शिफ्टनं आणखी बिघडलंय, शिवाय संध्याकाळी "थोडी घेतो" असं लिहिलंय. ती थोडी आधी बंद करा, दारूनं झोप लागल्यासारखी वाटते पण पहाटे ती तुम्हाला उठवूनच बसवते, आणि तोच तुमचा निकालाचा वेळ आहे. आणि ते चौथं वाक्य, जे मी वर लिहिलं नाही. तसा विचार परत आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस म्हणून सरकारी सेवा आहे, २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, भाषा निवडता येते. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, जास्त लागलं तर धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, दोन तासांच्या आत पोचाल. लोक बघतील म्हणून धारवाडला जाणारेही आहेत, तसं तर तसं, पण जा. या आठवड्यात बायकोला बरोबर घेऊन एकदा दाखवून या, गोळी दिली तर घ्या, शुगरची गोळी अण्णा घेत होते तशीच ही. आणि ते चौथं वाक्य बायकोला सांगा. त्यांना माहीत असू दे.

राहिला धोटा. टाकू नका. पण कपाटातही ठेवू नका, कपाटात तो लपवलेला आहे आणि लपवलेली वस्तू दार उघडलं की अंगावर येते. बाहेर काढा, पुसा, टोकं गंजली असतील तर थोडं तेल लावा, आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा, टीव्हीशेजारी म्हणा नाहीतर अण्णांच्या फोटोखाली. तुमची मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणता, म्हणजे माग गेले तेव्हा ती फार लहान, तिला तो आवाजही आठवत नसेल. ती हात लावेल, विचारेल हे काय. तेव्हा एखादी रिकामी कांडी असेल घरात तर ती घ्या, नसेल तर शेजारी कुणाकडं अजून असेल, त्यावर थोडं सूत गुंडाळा आणि ती धोट्यात कशी बसवायची, धागा भोकातून कसा ओढून काढायचा ते तिला दाखवा. अण्णांनी तुम्हाला दाखवलं होतं तसंच, हातावर हात ठेवून.